चाखून दिलेला घास

टेंभुर्णी,
२० एप्रिल २०२५

चि. प्रितम, चि. सौ. पायल आन माझी ठकूबाई सुजाता यांस,

आईचे अ. आ. आन तुझ्या दादांचा जयभीम. वि. वि. आम्ही दोघं नवराबायको इकडं मजेत हाओत, तुमचं बरंवाईट कागदावर कळवत जावं.

कागदावर याच्यासाठी की फोनवर तू बोलतोस ते मला ऐकूच येत न्हाई. मी नुसतं हो हो म्हणते. मंग तुझे दादा विचारतात, काय म्हणला पोरगा. मी सांगते, जेवलो म्हणला. तुझ्या बाबतीत ते बराबरच निघतं. म्हणून चौथी शिकलेल्या हातानं लिहायला बसले. वेलांटी चुकली तर मास्तरकी करू नको, ती तुझ्या शाळेतल्या लेकरांवर कर.

शहागडचा फोटो शेजारच्या दैवशालानं तिच्या फोनवर मोठा करून दाखवला. गोदावरीच्या पुलाजवळचा ढाबा, माघं ट्रका उभ्या, आन तू एका मांडीवर लेकरू घेऊन दुसऱ्या हातानं माशाचे काटे काढून राह्यला. काढलेला साफ मासा पायलच्या ताटात! बाई गं, असं मी माझ्या डोळ्यानं कधी पाह्यलं न्हाई. दैवशालानं तो फोटो तिच्या नवऱ्याला बी दाखवला, तो उठून बाहेर गेला. तुझे दादा म्हणले, पाच महिन्याची पोरगी ढाबा पाहून आली, आपल्याला जाफ्राबादचे भजे मिळायला किती वर्षं गेली. मी म्हणलं, ते भजे बी तुम्ही वाटंतच खाल्ल्ते, मला तेलाचा कागद आणला व्हता.

खाण्याचं तुझं पहिल्यापासूनच भारी. केदारखेड्याच्या लग्नात तू हरवल्ता. माणसं विहिरीत वाकून पाहू लागली, आन तू आचाऱ्यापाशी बसून त्याला सांगून राह्यलता की आमटीत मीठ कमी हाय. मी तुला तिथंच धपाटा घातला. आचारी म्हणला, मावशी मारू नका, खरंच कमी हाय.

बरं, आता मुद्द्याचं. मे मधी पायलची बाळंतपणाची सुट्टी सरती, तिला बँकेत जावं लागल. तुला उन्हाळ्याची सुट्टी हाय तोवर निभंल. पण जूनमधी शाळा उघडली की कसं? सकाळी तुमची शेजारीण द्वारकाबाई सांभाळीन म्हणती, पण दुपारी शाळा सुटल्यावर सांजंपर्यंत लेकराचं खाणंपिणं तुझ्या एकट्याच्या हाताला जमायचं न्हाई. शाळा उघडायच्या आत सुजाताला इकडं आणून सोडा. वर्षभर राहू द्या माझ्याजवळ. मला लई हौस हाय. दोघं बोलून कळवा.

ठकूबाईच्या दोन्ही गालांवर माझा मुका. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.

तुझी आई,
गिरिजाबाई

---

जालना,
२९ एप्रिल २०२५

ती. आई व दादा यांस,

सप्रेम जयभीम व सा. न. वि. वि. तुझं पत्र सुजाताला मोठ्यानं वाचून दाखवलं. भज्यांच्या ठिकाणी ती हसली. दादांना सांग, तुमची बाजू घेणारं आता घरात कुणी उरलं नाही.

परवा आम्ही तिघं जुन्या जालन्यात नान-खलिया खायला गेलो. बाळ झाल्यापासून आमचं हॉटेलात जेवणं पाळीनं चालतं. एक जण खातो, दुसरा लेकराला घेऊन फिरतो. पायलचा खलिया गरम, माझा गार, कारण पहिली पाळी तिची. हॉटेलवाल्या चाचांनी हे बघितलं, सुजाताला माझ्याकडून घेतलं आणि गल्ल्यावर मांडीत घेऊन बसले. माझी वाटी आत पाठवून पुन्हा उकळून आणवली. म्हणाले, सालन ठंडा खाना गुनाह है. आई, त्या मटणाच्या रश्श्यात खसखस भाजलेली होती की कच्ची वाटलेली, हे मला घरी येईपर्यंत कळेना. पायल म्हणते, सुजाताचं नाव ठेवतानाही मी तेवढा विचार केला नव्हता.

घरचं म्हणशील तर डिंकाचे लाडू केले, ते फोडायला बत्ता लागला. हळिवाची खीर मात्र पायलनं दोन वेळा मागून घेतली. शेपूची भाजी रोज असते, दूध येतं म्हणून. भाकरी अजून गोल होत नाही, पण फुगते.

सुजाताचं तू लिहिलंस ते पायलला वाचून दाखवलं. ती बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. आई, मला वाटतं की मी सांभाळू शकेन. शाळा उघडेपर्यंत मला बघू दे. माझ्या हातून काही चुकलं तर मीच तिला तुझ्याकडे आणून सोडीन, तुला यायलाही लावणार नाही.

बुद्धपौर्णिमेला तिची उष्टावणाची खीर मी करणार आहे. तुम्ही दोघं नक्की या. येताना आमटीसाठी आपला येसर आण. तो इथल्या बाजारात मिळतो, पण त्याला आपल्या घरचा वास नाही.

दादांच्या गुडघ्याला तेल लावत जा. लोभ असावाच, रागावलीस तरी चालेल.

तुझा,
प्रितम

---

टेंभुर्णी,
१६ मे २०२५

चि. प्रितम, सौ. पायल, चि. सुजाता यांस,

अ. आ. वि. वि. आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी निघालो ते बराबर पोचलो. गाडीला लई गर्दी व्हती, तुझ्या दादांनी कंडक्टरला सांगितलं की माझ्या नातीनं काल खीर खाल्ली, तवा आम्हाला जागा भेटली. कशी काय भेटली मला इचारू नको.

प्रितम, मी आल्यापासून तेच तेच सांगून राह्यले. दैवशालाला सांगितलं, पाण्याच्या टाकीवरच्या बायांना सांगितलं. माझा पोरगा ओट्यापाशी उभा, आन पोरगी समोर खुर्चीत बांधलेली. तो तिला म्हणतो, हे जिरं बरं का सुजाताबाई. हे धने. धन्याचा वास घे. ती नाक वर करून फेंदारती. तो म्हणतो, शाब्बास. आन मला सैपाकघरात पाऊल टाकू दिलं न्हाई, खुर्ची देऊन दारात बसवलं. पायल बाहेरून आली, हातपाय धुतले, आयतं ताट. माझ्या सुनंला आयतं ताट भेटतं हे पाहून मला काय वाटलं ते लिहिता येईना. चौथीच्या पुढं ते शिकवत असतील.

खीर तर अशी झाली की बुद्धाला जिनं खीर दिली तिच्या नावाची पोरगी, तिच्या जिभंला शोभली. पण एक बोलते, राग धरू नको. एका खिरीला तीन चमचे! एकानं ढवळायचं, एकानं आपण चाखायचं, एकानं लेकराला द्यायचं. आन दर बारीला आधी तुझ्या तोंडात. लेकरू आ करून बसलेलं आन बाप मिटक्या मारून राह्यला. मी म्हणलं, अरे हावऱ्या, तिच्या वाटचं तर ठेव.

तुमच्या फळीवर दोन स्टीलचे डबे ठेवून आले. एकात येसर हाय, मी स्वतः गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ भाजून तिखट मसाल्यासंगं दळून आणला, आमटीत मोकळ्या हातानं टाक. दुसऱ्यात लेकराच्या पेजंचं पीठ हाय, मूग, तांदूळ आन नाचणी भाजून. डबे एकाच जोडीचे हाएत आन रंग बी पिठाचा सारखाच. गाडीच्या घाईत सांगायचं राह्यलं. पण तुझ्या नाकाला काय सांगायचं, झाकण उघडलं की तुला कळंल.

जूनचं माझं म्हणणं तेच हाय. तू करतो ते गोडच करतो, पण माणूस म्हणलं की एखाद्या दिवशी चुकतं, आन लेकराच्या बाबतीत चुकून चालत न्हाई. पंधरा तारखेला आम्ही वाट पाहतो.

पायलच्या डोक्यावरून हात फिरवला असं समजावं. आमची आठवण जेवताना तरी काढावी.

तुझी आई,
गिरिजाबाई

---

जालना,
३ जून २०२५

ती. सौ. आई व दादा यांस,

सुनेचा सप्रेम जयभीम व सा. न. वि. वि. हे पत्र मी बँकेत जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. ह्यांना माहीत नाही.

आई, ह्यांना गेल्या आठवड्यात जोराची सर्दी झाली. नाक पूर्ण बंद. ह्यांचं नाक बंद म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको, घरात कुणी आजारी असल्यासारखे बसून होते. त्यात पंचवीस तारखेच्या रविवारी माझ्या बँकेतली माणसं जेवायला यायची होती. ह्यांनी हौसेनं आमटी केली आणि तुमच्या डब्यातला येसर म्हणून सुजाताचं पीठ ओतलं. वास काही कळेना, म्हणून धने-जिरं टाकत राहिले. पाहुणे बिचारे जेवले. आमचे साहेब म्हणाले, आमटी फार पचायला हलकी आहे. मला वाटलं त्यांना सवय नसेल. मी पण वाटीभर प्याले.

खरं ते दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. ह्यांनी दुसऱ्या डब्यातलं पीठ घेऊन सुजाताची पेज शिजवली. ते पीठ म्हणजे येसर. मी दारात केस विंचरत होते. सुजाता आ करून बसली होती. ह्यांनी नेहमीप्रमाणे पहिला चमचा आपल्या तोंडात घातला आणि एकदम ठसकाच लागला. डोळ्यांतून पाणी, कान लाल. वाटी हातातून खाली ठेवली ती लांब सारून दिली. लेकराच्या ओठालाही काही लागलं नाही. ती उलट ह्यांच्याकडे बघून हसत होती.

पण आई, त्या दिवसापासून ह्यांचं एकच चाललंय. शब्द दिला होता तो मोडणार नाही म्हणतात. माझ्या हातून चुकलं, आता तिला आईकडे सोडून येतो म्हणतात. काल सुजाताची पिशवी भरून ठेवली. आज सकाळी ओट्यापाशी तिला जिरं-मोहरी काही दाखवलं नाही. तिनं दोनदा नाक वर केलं.

आम्ही पंधरा तारखेला तिला घेऊन येतो. माझं काय, मी शनिवारी-रविवारी येत जाईन. गाड्या खूप आहेत.

दादांना औषध वेळेवर द्या. माझ्यावर आहे तसाच जीव असू द्यावा.

तुमची,
पायल

---

टेंभुर्णी,
९ जून २०२५

चि. प्रितम यास, चि. सौ. पायलसमोर वाचावे,

अ. आ. वि. वि. पायलनं मला समदं कळवलं. तिच्यावर डोळे वटारू नको, मी सासू हाय, मला कळायलाच पाह्यजे.

खोटं कशाला लिहू. कागद वाचला तवा आधी मला आनंदच झाला. पोरगी येती म्हणून मी आधीच दैवशालाला सांगून बसलेली. तिनं तिच्या नातवाची दुपटी धुऊन आणून दिली. तुझ्या दादांनी अंगणातली बाभळीची काटकी उचलून टाकली, लेकरू रांगायला लागंल म्हणून. मी तोच कागद घेऊन दैवशालाकडं गेले, तिला वाचून दाखवला. ठसक्याच्या ठिकाणी आम्ही दोघी लई हसलो. घरी आले, चूल पेटवली, वरणात मीठ टाकलं. आन टाकता टाकता हातच थांबला.

प्रितम, मी कधी चाखतच न्हाई रे. लग्न होऊन आले तशी माझ्या सासूनं सांगितल्तं, बाईनं आधी तोंडाला लावायचं न्हाई, हाताचा अंदाज शिकायचा. मी तो अंदाज शिकले. मीठ कमी का जास्त ते मला शेवटी कळतं, सगळे जेवून उठल्यावर. उभा जन्म असाच सैपाक केला आन त्याचा मला गर्व व्हता. मंग डोळ्यापुढं आलं, ते डबे एका जोडीचे मीच भरले. उजव्या डोळ्यात माझ्या मोतीबिंदू. इथं तेच दोन डबे माझ्या फळीवर असते, तर मी येसराची पेज अंदाजानं शिजवली असती, फुंकर मारली असती, आन पहिला चमचा सरळ लेकराच्या तोंडात घातला असता. मला बिलकुल कळलं नसतं. तिच्या रडण्यावरून बी मी म्हणले असते, दात येत असतील.

मी हे तुझ्या दादांना सांगितलं. त्यांनी गुडघ्याला तेल चोळता चोळता ऐकलं. मंग म्हणले, पोरगं हावरं निघालं ते चांगलंच झालं.

तू म्हणतो तुझ्या हातून चुकलं. डबा चुकला, तो मी बी चुकले असते, कुणी बी चुकंल. पण घास न्हाई चुकला. लेकराच्या आधी तुझी जीभ व्हती. मी तुला तीन चमच्यांवरून बोलले ते माघं घेते. चार घे.

तर आता माझं ऐक. सुजाता इकडं येणार न्हाई. ती पिशवी खाली कर आन कपडे कपाटात लाव. दुपारी शाळंतून आला की द्वारकाबाईकडून लेकरू घ्यायचं, ओट्यापाशी बसवायचं आन धने-जिरं दाखवायचं. पायल, तू सांजंला बँकेतून ये आन आयतं जेव. शनिवार-रविवारच्या गाड्या धुंडाळत बसू नको. तुझ्या कागदात तू काय लिहिलं न्हाई ते मला वाचता आलं.

हौस माझी मोडली हे खरं हाय. दुपारी लई सुनं वाटतं, तिच्या तळपायाचा वास आठवतो. पण मी त्याला दुसरी तोड काढली. पंधरा तारखेला तुम्ही यायचं व्हतं ना, आता मीच येते. सांभाळायला न्हाई, पाहुणी म्हणून. तुझे दादा इथं राहतील, त्यांना दैवशाला भाकर देईन. मी सैपाकघरात येणार न्हाई, कांदा चिरणार न्हाई, लसूण सोलणार न्हाई. हात धुऊन बसंन. नान-खलिया तुला घरी जमतो का ते पाहायचंय मला. आन तू आधी चाखून मंगच मला वाढायचं. मला माझ्या आईच्या माघारी असं कुणी वाढलं न्हाई.

दैवशाला दुपटी माघारी न्यायला आली आन विचारलं, नात का येईना. मी म्हणलं, तिचा बाप सोडीना. असं म्हणताना माझी मान बघ कशी ताठ झाल्ती. टाकीवरच्या बायांना बी मी हेच सांगणार हाय, उद्या सकाळी घागर घेऊन जरा जल्दी जाते.

ठकूबाईला सांग, आजी जेवायला येती, तिच्या शेजारी ताट मांड. तिघांनी एकमेकांवर जीव लावून राहावं, त्यातला उरला तर इकडं पाठवावा.

तुझी आई,
गिरिजाबाई