बाबांना दाखवलेला चित्रपट

मंगळ., ६ मे
पुण्याच्या दिग्दर्शन अभ्यासक्रमाची लेखी परीक्षा उत्तीर्ण. मुलाखत सोमवारी, १९ला. घरी आनंद नाहीच. बाबांनी नेमक्या त्याच दिवशी बी.एड.चा प्रवेश घ्यायचे ठरवले आहे. "शाळेत पहिली, कॉलेजात पहिली, आणि आता पिक्चर काढणार?" उत्तर मला सुचते, पण अर्ध्या तासाने, स्वयंपाकघरात.

गुरु., ८ मे
धीर करून दि.बद्दल बोलले. (माझ्या आवडत्या दिग्दर्शकांचे पूर्ण नाव इथेही लिहायला संकोच वाटतो.) बाबा म्हणाले, "असं काय करतो तो माणूस? एकदा दाखव मला. मग पुण्याचं बोलू."

दि. काय करतात? मुख्य घटना दाखवतच नाहीत. भांडण आतल्या खोलीत चालते आणि कॅमेरा गॅसवरच्या दुधापाशी थांबतो. दूध उतू जाते, कोणी धावत येत नाही, आणि त्या घराचे काय झाले ते आपल्याला कळते.
हे मी लिहू शकते. बाबांसमोर म्हटले, "ते... वेगळ्या पद्धतीनं सांगतात." शाबास.

रवि., ११ मे
सत्यानाश.
चित्रपट लावला. थोड्याच वेळात वरच्या मजल्यावरच्या आंटी विरजण मागायला आल्या आणि बसल्याच. "बेटा, इसमें गाना नहीं है क्या?" आई त्यांना मोडक्या हिंदीत कथा सांगू लागली. कथेत नसलेली सासूही तिने घातली. बाबा मात्र मन लावून पाहत होते. मला आशा वाटू लागली.

मग ते दृश्य. बाई घर सोडून जाते. दार लागते. कॅमेरा दारावरच राहतो. संगीत नाही, हालचाल नाही. ती परतेल म्हणून आपण वाट पाहत राहतो, आणि फार उशिरा नवऱ्याचा हात कडीपाशी येतो. म्हणजे तोही तेवढाच वेळ तिथे उभा असतो. सगळा चित्रपट त्या हातासाठी.

हात येण्याआधीच बाबा उठले. "हँग झालं बघ. आपल्या पेणकरपाड्यात दुपारचं नेट म्हणजे..." राऊटर बंद करून चालू केला.
"बाबा, ते तसंच आहे."
"तसंच म्हणजे?"
"म्हणजे... दार."
आंटी हसल्या. आईही. नेट आले तोवर बाबांनी बातम्या लावल्या होत्या.

मंगळ., १३ मे
राग बाबांवर नाही, असे लिहून खोडले. आहे. त्याहून अधिक स्वतःवर. 'थांबा, आता हात येईल' ही चार शब्दांची गोष्ट होती. आज तीच सांगायला गेले, तर म्हणाले, "चहा टाकतेस का?" टाकला.

शुक्र., १६ मे
बाबांनी सोमवारची रजा टाकली आहे. आईकडून कळले.
"पुण्यासाठी की बी.एड.साठी?"
"मला सांगतात का ते काही? तूच विचार की. बाप आहे तुझा, वाघ नाही."

जेवताना त्यांनी भाकरी मोडली, ठेचा मागितला आणि म्हणाले, "सोमवारी लवकर उठायचंय." दोन्हीकडे लवकरच निघावे लागते. दि.च्या चित्रपटातल्या अशा वाक्याला मी मनोमन दाद दिली असती. इथे मात्र मी भाकरीचे तुकडेच करत बसले. न सांगितलेल्या गोष्टीवर मी पानेच्या पाने लिहिली. तिच्यात राहायला लागल्यावर...

रवि., १८ मे
बाबांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. माझी प्रमाणपत्रे पिशवीत भरून दाराशी ठेवली. यावरूनही काही ठरत नाही.

विचारायचे वाक्य सकाळपासून तयार होते. हॉलमध्ये गेले. ते बातम्या पाहत होते. "काय गं?" म्हणाले आणि टीव्हीचा आवाज बंद केला.
"काही नाही." पाणी प्यायले, आत आले.

इतके लिहून झाले, तरी बाहेर आवाज अजून बंदच आहे.