उलट्या पंखावरचे नारळ

रविवार, दिवेलागण. इब्रामपूर.

पंख टिकला! हे आधी लिहून टाकतो, मग बाकीचं.

उडताना हवा पंखाला खालून उचलते, म्हणून तो उलटा ठेवून वरून भार घालून बघायचा. वाळूच्या पिशव्या कुठून आणू? अंगणात पाडेल्याने काल पाडलेल्या नारळांचा ढीग होता. तेच एकेक ठेवायला लागलो, तर सगळे घरंगळत टोकाला. पडवीत बसलेली शैला हसत सुटली. लग्नाची बायको, पण काम सुरू केल्यापासून माझ्या विमानाला 'खाट' म्हणते. "नारळांका खाटीर निजवतास काय?" म्हणाली आणि खाली उतरली. प्रत्येकाच्या सोडणाची, म्हणजे वरच्या सालीची, शीर ओढून तिने दोन-दोन नारळ एकमेकांना बांधले. जोडी कसली घरंगळते!

भार पुरा झाला आणि करकर आवाज आला. गेला का पंख? वाकून पाहिलं, तर करकरत होती खालची लाकडी घोडी. खरंच घोडीच ना? दुसरी घोडी लावून बघितलं. आवाज बंद. भार उतरवला तसा वाकलेला पंख सरळ झाला.

तरी ती करकर अजून कानात आहे. आणि तिच्याहून जास्त दुसरंच काहीतरी. भार वर असतानाच शेजारची सुलभा नारळ मागायला कुंपणाशी आली होती. शैला तिथूनच ओरडली, "फाल्यां ये गो, नारळ आता विमानार आसत!"

मला ऐकवायला नाही हं. अगदी सहज.