दिनेशनं टाकलेली केबल

रंजीता,

घुग्घुसले ड्युटीवर चाललो. तू झोपली होती म्हणून उठवलं नाई. गाडी काढाच्या आधी हे वाच.

काल गस्तीवर तुह्या क्लचची केबल तुटली अन् तुह्या बाजूच्या बीटातल्या फॉरेस्ट गार्ड दिनेशनं जंगलातच नवीन टाकून देल्ली, हे तू जेवता जेवता चार खेपा सांगितलं. चारही खेपा हसून. पाच वर्सापासून तुह्या गाडीची केबल मीच टाकतो. जुनीच्या बाजूनं एक नवीन बांधून ठेवत असतो, म्हणजे तुटली तं फक्त टोकं बदलाची. या खेपेस बांधाची राहून गेली, ते माही चुकी.

आज उठल्या उठल्या त्याची केबल काढली अन् माही टाकली. आत तेल सोडलं, लिव्हरले थोडी ढील ठेवली. बाजूनं दुसरीही बांधली. आता जंगलात कोणाले थांबवाची गरज नाई.

त्याची केबल डिक्कीत पिशवीत आहे, वापस करून देजो.

त्याच्या कामात काय खोट होती, असं तू विचारशीलच. मी दोनदा पाहिलं, काईच खोट नव्हती. म्हणून तं काढली.

धनराज