राख काढायची, पाइप झटकायचा

प्रिय पलदन,

सफरचंदाचा शेवटचा ट्रक उद्या सकाळी चंदिगडच्या मंडीकडे निघतोय. ड्रायव्हर आपल्याच गावचा, हे पत्र तो तुझ्या हातात देईल. फोन केला असता, पण फोनवर तू माझ्या दुसऱ्या वाक्यालाच "दीदी, आवाज तुटतोय" म्हणतोस, आणि हा आवाज फक्त मी बोलायला लागले की तुटतो. कागदाचं तसं होत नाही. माझं अक्षर पाचवीतल्या मुलीचं आहे, कारण पाचवीतच ते थांबलं, तेवढं सांभाळून घे.

तुझा निरोप नीट समजला. नाताळात तुझे पहिले पाहुणे येणार, आपल्या घराचा होमस्टे होणार, पाटीसुद्धा रंगवून झाली म्हणालास. पाहुण्यांना अस्सल पहाडी घर हवं असतं, म्हणून वरच्या खोलीत मधोमध शेकायचा पत्र्याचा तंदूर, भोवती नव्या गाद्या. आणि मी माझं अंथरूण खाली न्यायचं, जिथे आमा-आपांच्या वेळी मेंढ्या बांधायचो त्या खोलीत. "तिथेही काही वाईट नाही दीदी, चुना मारून घे." मारते की चुना. पण तिथे तंदूर नाही, आणि मेंढ्या विकल्यावर त्या खोलीत आपण काय टांगायचो ते आठव. मांस टांगायचो, पलदन. वसंतापर्यंत गोठून दगडासारखं राहायचं. तिथे आता मी झोपायचं. आणि फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "तंदूर तेवढा चकाचक करून ठेव. करायचं काय असतं त्यात, राख काढायची, पाइप झटकायचा, बस."

त्या 'बस'पाशी मी अडकले. भाजी चिरताना तेच, खड्डीच्या मागावर विणायला बसले तरी तेच. म्हटलं, याला एकदा सांगावंच काय असतं त्यात. जन्मभर तंदुराशी पाय शेकलेस, आत कधी हात घातला नाहीस.

तर राख. ती रोज सकाळी काढायची, पण खरवडून सगळी नाही. तळाला दोन बोटं राहू द्यायची, नाहीतर निखारा थेट पत्र्यावर बसतो आणि तळ खाऊन टाकतो. काढलेली राख लोखंडी डब्यातच भरायची. वरून थंड दिसते, पण आत निखारे दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असतात. तुझ्या रजनीने लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती प्लास्टिकच्या बादलीत भरली होती, आठवतं? बादली वितळून जमिनीच्या फळ्यांना चिकटली. आमा म्हणाली, "असू दे, शहरातली पोर आहे," आणि विळीने ते प्लास्टिक खरवडत मी बसले. राख फेकून द्यायची नसते. थोडी पायऱ्यांवरच्या बर्फावर टाकायची, म्हणजे म्हातारं माणूस घसरत नाही. बाकीची सफरचंदांच्या बुंध्याशी. बाग तुझ्या नावावर आहे, तेव्हा झाडांना द्यायची की नाही ते आता तू बघ.

पाइपचं गणित वेगळं. त्याला आधी तळहाताने थाप मारायची. मोकळा असेल तर टणटणतो, भरला असेल तर उशीवर मारल्यासारखा आवाज येतो. भरला की त्या सकाळी तंदूर पेटवायचा नाही, पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. म्हणजे सगळं घर गार. आपांच्या अंगावर दोन गोधड्या टाकून मी म्हणायचे, "आज पाइपचा दिवस," आणि ते म्हणायचे, "मग आज मी मेंढीच्या जातीत." तेवढाच त्यांचा विनोद, दर खेपेला तोच. तुझ्या त्या खालच्या खोलीचं ऐकल्यापासून मला तो सारखा आठवतो, पण हसू येत नाही.

मग जोडाखाली पोतं अंथरायचं, पाइप सोडवून दोन्ही तोंडांना फडकी बांधायची आणि झोपलेलं मूल उचलतात तसा तो उचलून बाहेर न्यायचा. हिसका दिलास की संपलं, काजळी पुढचे चार दिवस भातातसुद्धा निघते. बाहेर धुपीच्या झुडपाच्या फांद्यांची जुडी दोरीला बांधून पाइपमधून आरपार ओढायची. कोपऱ्याच्या वाकड्या तुकड्यात जुडी पोचत नाही, तिथे आमाचा वाकडा चमचा. मग पाइप सूर्याकडे धरून आतून बघायचं, गंजाचं भोक पडलं असेल तर उजेडाचा ठिपका दिसतो. परत बसवताना पाइपचं अरुंद तोंड नेहमी खाली, म्हणजे आतला काळा रस आतल्या आत उतरतो आणि जळून जातो. उलटं बसवलंस तर जोडातून बाहेर ठिबकतो, गाद्यांवर. शिवाय छपरावर चढून पाइपच्या टोपीतलं पाखराचं घरटं काढायचं, ते वेगळंच. माझे गुडघे आता शिडीला घाबरतात, पण गुडघ्यांना विचारतंय कोण.

काजळीकडे बघून लाकूड कळतं, आणि लाकूड जाळणारा माणूसही कळतो. काजळी भुकटीसारखी असेल तर लाकूड सुकं होतं. चकचकीत, डांबरासारखी असेल तर कुणीतरी ओलं आणि चिकाचं जाळलंय. आपांच्या शेवटच्या हिवाळ्यात तू आला होतास. थंडी तुला सोसवत नव्हती. मी जर्दाळूचं सुकं लाकूड जपून घालत होते, तर तू म्हणालास, "काय कंजूषपणा करतेस." मी दूध आणायला गेले आणि तू मागच्या ढिगातली चिलगोज्याची ओली ढलपी तंदुराच्या नरड्यापर्यंत ठासलीस, वर बिस्किटांचे रिकामे पुडे. परत येते तो पाइप लाल, आणि आतून घाटात ट्रक चढावा तसा आवाज. पाइपची झडप मी बंद केली, तंदुराच्या तोंडावर ओलं पोतं दाबून धरलं, तेव्हा आवाज बसला. मनगटाची कातडी त्या पोत्याबरोबर गेली. शेजारीपाजारी धावत आले, आणि त्या सगळ्यांसमोर तू मला विचारलंस, "दीदी, हा पाइप कधी साफ करतेस की नाही?"

मी बादलीत हात बुडवून उभी होते. आपा खाटेवरून सगळं बघत होते. ढलपी कुणी भरली ते त्यांनी पाहिलं होतं, कारण तू आलास की ते दुसरीकडे बघतच नसत. तरी ते काही बोलले नाहीत. तू मुलगा होतास. त्या दिवशी मला पाइपपेक्षा जास्त त्यांनी जाळलं, हे मी आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगते आहे.

तू गेल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, "आपा, तुमच्यामागे मी कुठे राहायचं?" त्यांनी चिमट्याने एक निखारा इकडचा तिकडे केला. मग म्हणाले, "आपल्याकडे मुलीच्या नावावर घर होत नाही, तुला काय ते नवं आहे? पण पलदन तुला घराबाहेर काढणार नाही. माझा मुलगा आहे तो." खरं बोलले. तू मला घराबाहेर काढलं नाहीस, खाली काढलंस. लिप्पा गावच्या मास्तरांचं स्थळ आलं होतं तेव्हा आमा अंथरुणाला खिळली होती आणि तू सोलनला कॉलेजात होतास. "वर्षभर थांब" म्हणाले सगळे. मास्तरांनी थांबायचं कशाला, त्यांचं लग्न झालं. मीही मग थांबायचं सोडून दिलं. घर होतं, तंदूर होता, दोन म्हातारी माणसं होती. मला वाटलं, जे सांभाळते आहे ते थोडं तरी माझं होत असेल. मूर्ख होते.

शाळेतला तंदूर आठवतो तुला? थंडीत प्रत्येक पोराने घरून एक लाकूड आणायचं. लाकूड आणलं तो तंदुराजवळ, रिकाम्या हाताने आला तो दाराशी. माझी शाळा सुटली होती, तरी रोज सकाळी तुझं लाकूड मी फोडायचे आणि शाळेच्या दारापर्यंत मी वाहायचे, तुझ्या बोटात सल जाऊ नये म्हणून. दारात तू ते माझ्या हातातून घ्यायचास आणि आत जायचास. तुमचे वर्गातले मास्तर सगळ्यांना सांगायचे, "बघा, पलदन किती जाडजूड लाकूड आणतो." मी बाहेर बर्फात उभी राहून ते ऐकायचे आणि मला इतका अभिमान वाटायचा की पाय गार पडलेत हेही कळायचं नाही. आज राग येतो. पण तेव्हाचा अभिमानही खोटा नव्हता, हीच तर पंचाईत आहे.

आणि एक गोष्ट तुला माहीत नाही. आमा गेली त्या थंडीत जुना तंदूर तळातून गेला. मी तुला फोन केला, तू म्हणालास, "पुढच्या खेपेला बघू." तुझी पुढची खेप यायच्या आत आपा थंडीने गेले असते. तेव्हा मी शाली विकायला रामपूरला लवीच्या जत्रेत गेले आणि त्या पैशांतून हा तंदूर घेऊन आले, बसच्या टपावर टाकून. रस्त्यापासून वर घरापर्यंत पाठीवर आणला. माझ्याबरोबर विणणारी पालमो पाइप घेऊन मागून चालत होती आणि वाटभर ओरडत होती, "अगं, नवरा केला असतास तर यापेक्षा हलका पडला असता." आपा दारातच उभे होते. तंदुरावरून हात फिरवला आणि विचारलं, "पलदनने पाठवला?" त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की मी हो म्हणाले. पुढे मरेपर्यंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, माझ्या मुलाने तंदूर पाठवलाय, बसा, शेका. मी चहा ओतायचे. पालमो मला चिमटे काढायची. तुलाही त्यांनी फोनवर सांगितलं असेल, "तू पाठवलेला तंदूर छान चालतो." तू कधी विचारलं नाहीस, कुठला तंदूर म्हणून.

आता हे सगळं आजच का लिहिलं, ते. काल मी तंदूर साफ केला, तू सांगितलंस तसा, चकाचक. पाइप ओढले, कोपरा खरवडला, पत्र्याला जर्दाळूचं तेल चोळलं. तुझे पाहुणे खूश झाले असते. मग पाइप पुन्हा जोडले, पण आपल्या घरात नाही. खाली महिला मंडळाची खोली आहे ना, जिथे आम्ही सगळ्या विणायला बसतो आणि दरवर्षी थंडीत बोटं वळत नाहीत म्हणून काम बंद ठेवतो, तिथे. पालमो मंडळाची प्रधान आहे. तिने मागच्या कोपऱ्यात माझी खाट टाकून दिली आणि म्हणाली, "तुझ्या भावाला म्हणावं, पाहुण्यांबरोबर तंदूरही बुक करायला हवा होता." चौघींनी मिळून तो उतरवला. या वेळी मला पाठीवर घ्यावा लागला नाही.

घरातल्या दुसऱ्या कशालाही मी हात लावलेला नाही. आमाचा वाकडा चमचा तेवढा नेला. छपरातल्या पाइपच्या भोकावर चपटा दगड ठेवून कडा मातीने लिंपल्यात, बर्फ आत येणार नाही. घराशी माझं भांडण नाही. किल्ली नेहमीच्या जागी आहे. नवा तंदूर रामपूरला मिळतो, आणि तो कसा ठेवायचा ते मी वर लिहून दिलंय, कागद जपून ठेव. रागावून फोन करू नकोस, आवाज तुटेल. आलास आणि वरची खोली गार लागली तर खाली मंडळात ये, मी तिथेच असेन. आमचा नियम शाळेसारखाच आहे, बसायला येईल त्याने आपलं लाकूड आणायचं. तूही आण, स्वतः फोडलेलं आणि स्वतः वाहून आणलेलं. रिकाम्या हाताने आलास तर दाराशी बसावं लागेल. चहा मी तिथेही आणून देईन.

काही झालं तरी तुझीच,
दीदी झांगमो