गिअरबॉक्समधली देवी जंगम असल्याबाबत

प्रति,
मा. सहायक धर्मादाय आयुक्त साहेब,
सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय,
ठाणे.

अर्जदार : सौ. यमुना शांताराम वर्तक, वय ५४, धंदा घरकाम,
राहणार बोळिंज, विरार (पश्चिम), ता. वसई, जि. ठाणे.

विषय : 'श्री धक्काई माता देवस्थान, बोळिंज' या नियोजित न्यासाच्या मिळकतीतून अर्जदाराची चारचाकी गाडी वगळण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची जाहीर नोटीस. ही नोटीस आमच्या सोसायटीच्या फलकावर लावलेली होती, परंतु तिच्यावर महाप्रसादाचे पत्रक चिकटवल्यामुळे अर्जदाराच्या नजरेस उशिरा आली.

महोदय,

वरील अर्जदार प्रथम हे नमूद करू इच्छिते की ती नास्तिक नाही. समोरच्या, म्हणजे देवस्थान समितीच्या, मंडळींनी आपल्याकडे दिलेल्या कागदांत "सदर बाईंची श्रद्धा अलीकडे ढळली आहे" असे लिहिल्याचे तिच्या कानी आले आहे, म्हणून हा खुलासा. अर्जदाराचे सोमवार, चतुर्थी, एकादशी व प्रदोष अखंड चालू आहेत. चातुर्मासात तिच्या घरात वांगे येत नाही, ते यजमानांनाही मिळत नाही, व त्यांची त्याबाबतची तक्रार वेगळी आहे. सांगायचे ते इतकेच की प्रस्तुत अर्ज देवाविरुद्ध नसून गिअरबॉक्सविषयी आहे.

१. अर्जदाराचे माहेर वटार. तिच्या मातोश्री श्रीमती सत्यवती तिथे वाडीतल्या घरी एकट्या राहतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला असून लेकीच्या दारी येऊन राहणे त्यांना मंजूर नाही. म्हणून अर्जदाराने असे व्रत धरले आहे की रोज सकाळी डबा घेऊन वटारला जायचे, पहिला घास आपल्या हाताने आईच्या मुखी घालायचा, आणि तो घास जाईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. अर्जदाराचा डावा गुडघा जुन्या अपघाताने निकामी असल्याने क्लच दाबणे तिला जमत नाही. यजमानांनी बोरिवलीच्या एका दंतवैद्याकडून ऑटोमॅटिक गिअरची सेकंडहँड गाडी घेऊन दिली व अर्जदार ती उतारवयात शिकली. ही गाडी, हे व्रत आणि ही आई, यांपलीकडे अर्जदारास कशातही लक्ष घालायचे नव्हते.

२. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी धक्के देऊ लागली. गिअरचा दांडा पुढे जाण्याच्या 'डी' या खुणेवर टाकला की ती आधी विचार करी, मग पाठीत गुद्दा बसल्यासारखी पुढे सरकून नाक खाली करी. अर्जदारास यंत्रातले काही कळत नाही, परंतु आमटी कळते. डबा मागच्या सीटवर असे. गाडीने पहिल्या गिअरवरून दुसरा घेतला की आमटी झाकणाबाहेर येई, तिसरा घेतला की झाकणापर्यंत येऊन माघारी जाई. निघताना कमी, वाटेतले आगाशी मागे पडून इंजिन तापले की जास्त. हे सर्व अर्जदाराने निर्मळच्या रस्त्याला गॅरेज असलेले श्री. थॉमस लोपीस यांना सविस्तर सांगितले. ते म्हणाले, "बाई, मौंटिंग गेलंय. इंजिन जागेवर उडतंय." त्यांनी इंजिनाखालचे रबर बदलले. त्याने धक्का गेला नाही, उलट नव्या रबरावर तोच धक्का जास्त ठसठशीत बसू लागला. मग ते म्हणाले, "आता तेल बघू." पण तोवर नवरात्र आले.

३. या जातीच्या गिअरबॉक्समधले तेल तांबडे असते. कंपनीने ते तसे का केले हे अर्जदारास ठाऊक नाही, परंतु करताना त्यांनी बोळिंजचा विचार केलेला नसावा. घटस्थापनेच्या सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी श्री. रामनाथ गावडे यांच्या पत्नी सौ. संजना यांना गाडीखाली तांबडे थेंब दिसले. त्यांनी ते बोटावर घेऊन कपाळी लावले व हाका मारून जिने गोळा केले. गाडी उभी राहते त्या जागेसमोर, गेटापलीकडे, पिंपळाखाली शेंदूर लावलेला दगड आहे. दांडा टाकताच गाडी नाक खाली करते ते त्या दगडाकडे तोंड करून, ही गोष्ट त्याच सकाळी कोणाच्या तरी ध्यानात आली.

अर्जदार डबा घेऊन खाली आली तेव्हा मौनात होती. श्री. गावडे यांनी हात जोडून विचारले, "वहिनी, देवीच ना?" अर्जदाराने मानेने नाही म्हटले. त्यावर ते लोकांकडे वळून म्हणाले, "नाही म्हणजे, सांगायची परवानगी नाही." अर्जदार स्तब्ध उभी राहिली, तर म्हणाले, "मौनं संमतिलक्षणम्." शेवटी अर्जदाराने बॉनेट उघडले, तेल मोजायची पट्टी बाहेर काढून खूण कुठे आणि तेल कुठे ते दाखवले, आणि तेल कमी पडल्याची खूण हाताने केली. हा तिचा हिशेब चुकला. सौ. संजना धावत जाऊन समईची तिळाच्या तेलाची बाटली घेऊन आल्या व श्री. गावडे यांनी ती पट्टीच्या नळीत उपडी केली. अर्जदाराने त्यांचा हात धरला. बाटली आवरण्यासाठी तो धरला होता, परंतु त्यांनी पहिले तेल वहिनींच्या हस्ते पडले असे जाहीर केले, व कोणीतरी शंख फुंकला.

४. त्या दिवसापासून गाडी धक्का देत नसून अंगात आल्यासारखी करू लागली. मनवेलपाड्यापासून बायका ओट्या घेऊन येऊ लागल्या. दांडा पडताना ज्याचा हात बॉनेटवर असेल त्याचे अडलेले काम होते, असे ठरले. एका गृहस्थांची बदली रद्द झाली. एका मुलीस चाकाच्या दिशेचे स्थळ आले, व चाक नेमके त्या सकाळी वळवलेले असल्याने ते पालघरचे निघाले. 'धक्काई' हे नाव कोणी ठेवले ते अर्जदारास माहीत नाही, पण मागच्या काचेवर ते ऑइलपेंटने लिहिले गेले, आणि आता मागचे काही दिसत नाही.

वटारहून परत आल्यावर अर्जदारास बोलता येते, व ती रोज दुपारी प्रत्येकास सांगत असे की हे गिअरचे तेल आहे, हा बिघाड आहे, यात देवी नाही. तिचा आवाज मुळात लहान आणि आरतीला लाउडस्पीकर. एकदा तिने सौ. संजना यांना जिन्यात गाठून सर्व समजावले. त्या शांतपणे ऐकून म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही सकाळी बोलत नाही ना, तेव्हा किती खरं वाटतं." यजमानांकडे तक्रार केली तर ते म्हणाले, "लग्नापासून तू माझं ऐकलं नाहीस, आता अख्खी सोसायटी तुझं ऐकत नाही. देव आहे, पटलं मला." मातोश्रींना सांगितले तेव्हा त्यांनी रिकाम्या डब्यात बोट फिरवून विचारले, "देवी हाय त माजी आमटी कशाला सांडते?" या प्रकरणी एवढा नेमका प्रश्न दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

५. यात हसण्यासारखे नाही ते असे. मातोश्रींच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आहे, आणि डॉक्टरांनी बजावले आहे की ऑपरेशननंतर मानेला व डोळ्याला जराही हिसका बसता कामा नये. भाड्याची गाडी करता येईल, हे खरे. परंतु मातोश्रींनी स्वच्छ सांगितले आहे की, "तू नेनार असशील तर डोला उघडते. दुसऱ्याच्या गाडीत बसायचं त मिटलेला बरा." त्यांना समजावण्यात गेलेले मोतीबिंदूइतके जुने प्रयत्न येथे लिहीत नाही. सारांश, गिअरबॉक्स दुरुस्त होणे हा आईच्या दृष्टीचा प्रश्न झाला.

सबब, दिवाळीनंतर समितीची मंडळी बॉनेटसाठी चांदीच्या मुखवट्याचे माप घेऊन मुंबईस गेली असता, अर्जदाराने गाडी बाहेर काढून निर्मळला नेली. श्री. थॉमस यांनी पट्टी काढून हुंगली, बोटावर तेल चोळले, पुन्हा हुंगले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीची संक्रांत झाली." खालचे चेंबर उघडले तर तांबड्या तेलाचा जळका काढा झालेला, त्यावर तिळाच्या तेलाचा फेस, जाळी गाळाने बंद, आणि चेंबरमधल्या लोहचुंबकावर लोखंडाच्या भुकटीची दाढी वाढलेली. पॅकिंग एका कोपऱ्यात फाटले होते, तिथूनच देवी गळत होती. शिवाय ॲक्सिलरेटरपासून गिअरबॉक्सला जाणारी केबल नको इतकी ताणलेली निघाली, त्यामुळे पाय हलका ठेवला तरी गिअर जोरातच पडे. ती केबल रबर बदलताना ताणली गेली काय, असे अर्जदाराने विचारले असता श्री. थॉमस यांना पलीकडे एक फोन आला.

तिळाचा वास जाईपर्यंत नवे तेल भरायचे, गाडी फिरवायची, काढून टाकायचे, असे करावे लागले. जाळी नवी, पॅकिंग नवे, केबल बेताची सैल. मग श्री. थॉमस पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले आणि अर्जदाराने गाडी वटारपर्यंत नेऊन परत आणली. गिअर कधी बदलले ते कळले नाही. श्री. थॉमस यांची पँट कोरडी राहिली. ते खाली उतरून छातीवर क्रुसाची खूण करून म्हणाले, "आता खरा चमत्कार झाला, पण हा कोणाला सांगू नका."

६. अर्जदाराने सांगितले नाही, तरी दुसऱ्या सकाळी सर्वांना कळले. दांडा पडला, गाडीने नाक खाली केले नाही. जमलेली मंडळी बॉनेटवर हात ठेवून तशीच उभी राहिली. तो दिवस सोसायटीत कोणी गेल्यासारखा गेला, व अर्जदारास त्यांची दयाही आली. परंतु संध्याकाळी श्री. गावडे यांनी सभा घेऊन खुलासा केला की आजवर देवी जागृत होती, आता तिने समाधी घेतली आहे, आणि समाधी हलवत नाहीत. त्याच रात्री गाडीच्या पुढे-मागे बांबू रोवून मांडव घातला गेला व यजमानांकडून मागून नेलेली दुसरी किल्ली देवीच्या चरणी, म्हणजे श्री. गावडे यांच्या कपाटात, ठेवण्यात आली. काढून टाकलेले तेल परत द्यावे, अशी लेखी मागणीही आली आहे. तेव्हापासून अर्जदार रिक्षाने वटारला जाते. मौनात असल्याने पत्ता खुणेने सांगावा लागतो, व एकदा ती डब्यासह अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर उतरली.

७. आता न्यासाच्या मिळकतीच्या यादीविषयी. तीत 'स्थावर मिळकत' या सदराखाली 'स्वयंभू वाहन, एक' असे लिहिले आहे. अर्जदाराची हरकत अशी की, जे बोरिवलीच्या दंतवैद्याकडून घेतले व ज्याचे आर.सी. बुक यजमानांच्या नावे आहे, ते स्वयंभू असणे कठीण आहे. तसेच वाहन ही जंगम वस्तू आहे. ते हलते. ते धक्का न देता हलावे, एवढ्यासाठीच अर्जदाराने हा सारा खटाटोप केला. पिंपळाखालच्या दगडास न्यास करायचा असल्यास तिची हरकत नाही. उलट तिथे ती रोज फूल वाहते, आणि तो दगड खरोखरच स्थावर आहे.

८. शेवटची आणि निकडीची बाब. न्यासाची सुनावणी गुरुवार, दि. १६ डिसेंबर रोजी सकाळी ठेवल्याचे नोटिशीत दिसते. मातोश्रींचे ऑपरेशनही त्याच सकाळी आहे. तारीख बदलून मागितली, परंतु डॉक्टर बाहेरगावचे असून त्यानंतर ते बरेच दिवस येत नाहीत. तेव्हा अर्जदार ठाण्यास येऊ शकत नाही. यजमानांस पाठवावे, तर ते मजा बघतील आणि परत येतील.

त्यातून डॉक्टरांनी आईला रिकाम्या पोटी आणायला सांगितले आहे. म्हणजे डोळ्यावर पट्टी बांधून झाल्यावर पहिला घास तिच्या मुखी जाईपर्यंत, दुपार होवो की संध्याकाळ, अर्जदाराचे तोंड बंद राहणार. त्या दिवशी श्री. गावडे मांडवात आडवे आले तरी तिला 'बाजूला व्हा' म्हणता येणार नाही, आणि खुणा करण्याचे धाडस आता तिच्यात उरलेले नाही.

तरी साहेबांस हात जोडून विनंती की, सदर गाडी न्यासाच्या मिळकतीतून वगळावी, दि. १५ च्या संध्याकाळपर्यंत मांडवाचे बांबू काढण्याविषयी व किल्ली परत करण्याविषयी समितीस कळवावे, आणि दि. १६ रोजी आपण अर्जदाराचे नाव पुकाराल तेव्हा कोणीच ओ दिली नाही, तर ती त्या वेळी वटारच्या रस्त्याला, मागे आईला बसवून, हलक्या पायाने गाडी चालवीत आहे असे समजावे. तिचे मौन ही संमती समजू नये. मागे एकदा तशी समजली गेली, आणि देवी झाली.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली, व जिच्या आईला अजून डोळे लावायचे आहेत अशी,

नम्र अर्जदार,
(सही) सौ. यमुना शां. वर्तक
बोळिंज, दि. ६ डिसेंबर २००४

सोबत :
१) आर.सी. बुकाची नक्कल.
२) नेत्रतज्ज्ञांची चिठ्ठी.
३) गिअरबॉक्समधून काढलेले जुने तेल, बाटली एक. पुरावा म्हणून सादर. कार्यालयातील कोणीही कृपया कपाळी लावू नये.