फळ्याची उजवी बाजू

६ मे, सकाळ
रंगकाम संपून वाचनालय आज उघडलं. फाटकाजवळच्या फळ्यालाही नवा काळा हात मिळालाय. नव्या फळ्यावरचा पहिला खडू म्हणजे नव्या वहीचं पहिलं पान. अक्षर आपोआप सुधारतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून इथला 'आजचा दिनविशेष' मीच लिहितो. आज जगातलं पहिलं पोस्टाचं तिकीट वापरात आलं, १८४०. खाली स्वतःच्या दोन ओळी:
इवले तिकीट, इवली कड,
ओझे वाही मनाचे जड.
लिहून झाल्यावर चष्मा पुसावा लागला. खडूची धूळही असेल.

दुपार
ग्रंथपालबाई म्हणाल्या, एक नवे सभासद आलेत, खेळांतले दिनविशेष लिहायची त्यांना हौस आहे, फळ्याची उजवी बाजू देऊ का? नोकरीत असताना कंपनीच्या मॅचना हे गृहस्थ पंच म्हणून उभे राहत, म्हणून सगळे त्यांना अंपायर म्हणतात. मी ताबडतोब हो म्हटलं. मोठेपणा शिकवून येत नाही. मधली रेघही मीच ओढून दिली. जरा जास्तच उजवीकडे गेली. रेघांचं असं होतं.

संध्याकाळ
अंपायरांनी लिहिलं: आजच्याच दिवशी, १९५४ साली, माणूस पहिल्यांदा चार मिनिटांच्या आत एक मैल धावला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. शिवाय खाली प्रश्न: 'आपल्या फाटकापासून पोस्टाच्या पेटीपर्यंत चार खेपा म्हणजे साधारण तेवढंच. कोण येतो?'

कोपऱ्यावरचा केमिस्ट दुकान उघडं टाकून गेला. तिसऱ्या खेपेला त्याला रिक्षातून आणला. बघायला ही गर्दी. माझं तिकीट कुणी वाचलं नाही.

मला मत्सर वाटत नाही. नोंद म्हणून लिहिलं.

७ मे
संकल्प: उजवीकडे बघायचं नाही.

८ मे
बघितलं. शुद्धलेखनाच्या तीन चुका. समाधान वाटलं.

१४ मे
आमच्या सौभाग्यवती दूध आणायला जाताना आता वाचनालयावरून जातात. तो रस्ता लांबचा. विचारलं तर म्हणाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं होतं.

रात्री जेवताना तिने मला खेळातली एक हकिगत सांगितली. मला! 'अंपायरभावजी' असा उल्लेख दोनदा. मी विचारलं, डावी बाजू वाचलीस का? तर म्हणाली, "तुमचं वाचायला निवांत बसावं लागतं हो, आणि तिथे खुर्ची नाही."

ही स्तुतीच आहे. मी तशीच घेतली.

२१ मे, सकाळ
आज माझा दिवस. १९२७ साली आजच एक वैमानिक एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसला उतरला. एकटा माणूस, खाली समुद्र, वर तारे! कविता बारा ओळींची झाली. सुरुवात:
एकला पक्षी, अफाट पाणी,
कोण ऐकेल त्याची गाणी?
वर्गात अशी कविता म्हटली की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची. काही झोपायचीही, पण गप्प असायची.

संध्याकाळ
अंपायरांनी लिहिलं: याच दिवशी, याच पॅरिसमध्ये, १९०४ साली सात देशांच्या लोकांनी बसून फुटबॉलची जागतिक संघटना काढली. प्रश्न: 'ऑफसाइड म्हणजे काय, हे न अडखळता सांगेल असा इथे कोणी आहे?'

समोरच्या सलूनवाल्याने विडाच उचलला. एका गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीनिशी बाहेर आणून गोलकीपर केलं. केमिस्ट बचावाला. ग्रंथपालबाईसुद्धा दारात उभ्या राहून हसत होत्या. चेंडू पुढे कसा जातो हे दाखवताना सलूनवाला सरकत सरकत फळ्याला टेकला. बाजूला झाला तेव्हा माझी कविता त्याच्या शर्टावर उलटी होती.

समुद्रासकट वैमानिक गेला. पॅरिस तेवढं राहिलं.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "मग शेवटी ऑफसाइड होतं की नाही?"

२३ मे
विचार केला आणि मर्म सापडलं. लोकांना प्रश्न हवा असतो. आयुष्यभर मी दुसरं काय केलं? आज कवितेखाली लिहिलं: 'वरील ओळींतील अलंकार ओळखा.' दुपारी जाऊन पाहिलं तर खाली कुणीतरी लिहून ठेवलं होतं: 'किती मार्कांना?'

अक्षर ओळखीचं वाटलं. पण सकाळी हिच्या बोटांना पांढरं लागलं होतं ते पिठाचं, असं तीच म्हणाली. मी विषय वाढवला नाही.

२८ मे
उद्याचा प्रश्न गंभीर आहे. एव्हरेस्टवर माणसाचं पहिलं पाऊल, २९ मे १९५३. हा इतिहास की खेळ? शिखर डावीकडे की उजवीकडे? मी सात मुद्दे तयार केले. मुद्दा चौथा असा, की जिथे पंच उभा राहू शकत नाही तो खेळ नव्हे. यावर उत्तर नाही.

मुद्दे घेऊन अंपायरांकडे गेलो. ते ओसरीवर नखं कापत बसले होते. मी पहिला मुद्दा अर्धा मांडला तोच म्हणाले, "घ्या ना मास्तर. शिखर तुमचंच."

सहा मुद्दे हातात राहिले. वर चहा पाजला. साखर किती, तेही मला विचारावं लागलं नाही. म्हणाले, वहिनी सांगत होत्या, तुम्हाला दीड चमचा लागते.

हा माणूस आत एक, बाहेर एक आहे. आतला अजून सापडत नाही, इतकंच.

२९ मे
एव्हरेस्ट चढवलं! डावी बाजू काठोकाठ. तळाशी १४५३ चा कॉन्स्टँटिनोपलचा पाडावही बसवला. जागा कमी पडली म्हणून शहर एका ओळीत पडलं. कविता वीस ओळींची, रंगीत खडूंनी.

लोक आले. थांबले. वाचलं! केमिस्ट तर ओठ हलवत वाचत होता. सलूनवाला हात मागे बांधून उभा. मी जरा लांब, खांबाआड. शाळा तपासनीसांच्या भेटीनंतर एवढं भरून आलं नव्हतं.

मग पुढे होऊन उजवीकडे नजर टाकली. ती बाजू कोरी होती. मधोमध फक्त एवढंच:
'आज डावीकडे बघा.'

म्हणजे ही गर्दीसुद्धा त्यांचीच. त्यांनी बघा म्हटलं म्हणून बघितलं.

ही दुधाचं भांडं घेऊन उभी होती. म्हणाली, "किती छान लिहिलंय." मी मान झुकवली. ती पुढे म्हणाली, "तीनच शब्द, पण मन केवढं!"

३० मे
ग्रंथपालबाईंना स्पष्ट सांगितलं. एका फळ्यावर दोन हात चालणार नाहीत. ते तरी, नाही तर मी. आवाज चढला नाही. असं मला वाटतं. आतल्या पेपरवाचकांनी माना वर केल्या ते पंख्यामुळेही असेल.

बाई म्हणाल्या, बरं, मी त्यांना सांगते.

३१ मे
अंपायरांनी वाद घातला नाही. "फळा मास्तरांचाच आहे," एवढं म्हणून खडू परत देऊन गेले. खडू पुसून दिला होता.

मी जिंकलो. हिला सांगितलं. भाजीत मीठ नव्हतं.

१ जून
पूर्ण फळा माझा! मधली रेघ पुसली. किती दिवसांनी ओळीला मोकळा श्वास मिळाला.

वाचक: एक. तोही सावलीला उभा होता.

३ जून
केमिस्टने विचारलं, उजवी बाजू कधी येणार? मी म्हटलं, आता सगळी एकच बाजू. तो "अच्छा" म्हणून गेला. ते अच्छा मला आवडलं नाही.

लोकांची सवय मोडायला वेळ द्यावा लागतो. तोवर तडजोड म्हणून पुन्हा रेघ ओढली आणि उजवीकडे लिहिलं: 'आज खेळांत विशेष काही घडले नाही.'

४ जून
ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मास्तर, एवढं मोठं जग, कुठेतरी कुणीतरी काहीतरी खेळलंच असेल हो."

५ जून
रात्री अंथरुणावर हिला सहज विचारलं, उद्याचा एखादा खेळ तुला माहीत आहे का. ती पाठ करून झोपली. झोपेत माणूस इतकं स्वच्छ "नाही" म्हणत नाही.

९ जून
फळ्यासमोर शुकशुकाट. पण मी खचलेलो नाही. दर्जा आणि गर्दी यांचं कधी जमलंय? ही मात्र दूध आणायला जाते ती तासाने येते. वाचनालयावरून जात नाही. मी फळ्यापाशीच असतो, मला दिसली असती.

१० जून
उलगडा झाला. सलूनवाल्याने आपल्या गल्लीकडच्या, फाटकातून न दिसणाऱ्या भिंतीला काळा रंग मारून घेतलाय. गिऱ्हाइकांची करमणूक होते म्हणे. खडू अंपायरांच्या हातात.

केस वाढले होते म्हणून मी रस्ता ओलांडला. कापून आठवडाच झालाय, पण माझे लवकर वाढतात. गर्दी अशी की आत शिरायला वाट नाही. केमिस्ट, बँकेतले दोघे, ग्रंथपालबाई. त्यांचं वाचनालय उघडंच होतं. पुढे पायरीपाशी आमची ही. तिला बसायला सलूनमधली खुर्ची आणून दिली होती.

भिंतीवर: १८२९, आजच्या दिवशी, ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची पहिली होड्यांची शर्यत. प्रश्न: 'होडीत नऊ जण. आठ जण वल्ही मारतात. नववा काय करतो?'

मला येत होतं. तो सगळ्यांकडे तोंड करून बसतो, होडीला दिशा देतो आणि ओरडतो. नि:संशय येत होतं. कुणालाच येत नव्हतं. सगळे एकमेकांकडे बघत होते.

मी हात वर केला. या वयात, भर रस्त्यात, कोपरातून सरळ, चांगला कानाला लावून.

अंपायरांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि हिला विचारलं, "सांगा वहिनी, नववा काय करत असेल?"

ही म्हणाली, "मास्तर असेल तो."

हशा पिकला. माझा हात तसाच वर होता.

उद्या जरा लवकर निघावं. मागे उभं राहिलं की हात दिसत नाही.