मैनेच्या जागी आणलेला घोडा

कोल्हार,
ता. २२ जानेवारी १९७१

तीर्थस्वरूप भाऊसाहेब दाजींच्या पायाशी धाकट्या मेहुण्याचा, रंभाजीचा दंडवत.

आपली कंबर आता कशी आहे? आक्काचा दमा कमी असेल (नसला तरी ती सांगायची नाही, तेव्हा तुम्हीच कळवा). दिवाळीत माझी घोडी मैना तुमच्या संगमनेरच्या मळ्यावर धाडली, तेव्हा मी उपरण्यानं डोळे पुसले असं तुम्ही चार लोकांत सांगता, हे कानावर आलं. तो रस्त्याचा धुरळा होता. घोडी चौदा वर्षांची झाली, गेल्या साली पंचांनी तिला रिंगणातून बाजूला काढलं, तुम्हाला शेतावर फिरायला गरीब जनावर हवं होतं. व्यवहार झाला आणि मी तिला विसरलो. हे आधीच लिहून ठेवतो.

आता नव्या घोड्याचं ऐका. पौषातल्या यात्रेत घोड्यांचं प्रदर्शन भरतं, तिथं सलग नऊ वर्षं आपलं जनावर उभं राहिलं. दहाव्या वर्षी नुसतं बघायला जाणं बरं दिसलं नसतं. म्हणून मच्छिंद्र नालबंदाला बरोबर घेऊन तीन बाजार पालथे घातले. एकाच्या डोळ्याखाली भोवरा, एकाची मान आखूड, एक अंगापिंडानं छान पण माझ्याकडं बघेचना. (मच्छिंद्र म्हणाला, "आप्पा, तुमी घोडा बगाया आलाय का सोयरीक?" त्याला चहा पाजून गप्प केला.) शेवटी एक पांढराशुभ्र, उंच घोडा पसंत पडला. व्यापारी म्हणाला, "पावनं, वाजंत्र्याला, दारूकामाला ह्यो बुजत न्हाई. लई लग्नं काढल्यात त्यानं." रिंगणात हलगी वाजते आणि नवी जनावरं तिथंच बुजतात, त्यामुळे एवढं ऐकून मी भुललो. लग्नांत घोडा आणखी काय काय शिकतो, हे विचारायचं राहिलं.

यात्रेच्या दिवशी मी कोशा फेटा बांधून स्वार झालो. हलगी सुरू झाली आणि सरदार (हे नाव मच्छिंद्रानं ठेवलं) असा झुलत निघाला, की पंच खुर्च्यांवरून उठले. पण त्यांच्या मांडवाच्या दाराशी जो थांबला तो हलेचना. टाच मारली, गूळ दाखवला, चौघांनी मागून ढकललं. पाठीमागं अकरा घोडी खोळंबली. अखेर भेळवाली केशरबाई गर्दीतून पुढं आली. "आरं, त्यो नवरदेव घिऊन मांडवात आलाय. तुकडा ववाळल्याबिगर कसा हलंल?" असं म्हणून तिनं स्वतःच्या फडक्यातली भाकरी मोडली, मला आणि घोड्याला ओवाळून तुकडा लांब टाकला, त्याच्या खुरांवर तांब्याभर पाणी घातलं, आणि सरदार शहाण्यासारखा चालू लागला. पौषात लग्नं नसतात, हे त्या मुक्या जनावराला कोण सांगणार? लोकांना तरी ठाऊक होतं ना, पण त्यांनीही चुरमुऱ्यांच्या अक्षता उधळल्या. मी बावन्न वर्षांचा विधुर, फेट्यातून चुरमुरे झाडत घरी आलो. पंचांनी बक्षीस दिलं नाही. वहीत शेरा तेवढा लिहिला, 'जनावर उत्तम. स्वारासाठी स्थळ पाहावे.'

घोडा वाईट नाही हो. खातो, पितो, लाथ मारत नाही. पण सकाळी मी अंगणात खोकलो, की मैना छपराखालून मान बाहेर काढायची. हा काढत नाही. मी रोज दोन-तीनदा खोकून बघतो.

आक्काला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
रंभाजी

ता. क. मैना पत्र्याच्या बादलीतलं पाणी पीत नाही, तिला घमेलं लागतं. सहज आठवलं म्हणून लिहिलं.

आणखी एक ता. क. रविवारी निघून सोमवारी तुमच्याकडे पोचतो. आक्काला सांगा, तिच्या दम्याची चौकशी करायला येतोय. तुम्हाला खरं सांगतो दाजी, मला मैनेवाचून करमत नाही. घटकाभर तिच्याजवळ एकट्याला उभं राहू द्या, एवढीच विनंती. येताना सरदारवर बसून येतोय. जाताना कोणावर बसून जायचं, ते मैना ठरवील.